जादा फुगलेलं

भिंतीला गळू होतं, हे मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम पाहिलं. सकाळी न्हाणीघरात गेलो, तर आदल्या दिवशी घातलेल्या पाइपाभोवती पिवळसर, फुगीर असं काहीतरी वीतभर बाहेर आलेलं. हिला ते मधमाश्यांचं पोळं वाटलं. आई म्हणाली, "पोटीस बांध रे त्याला."

हकिगत अशी. आमचं घर जुन्नरच्या जुन्या पेठेतलं. भिंती हातभर रुंद, दगड-चुन्याच्या. गच्चीवर सौर बंब बसवला. पाऊण इंची पाइप आत घ्यायला प्लंबरने चार इंची भोक पाडलं. मी 'अहो, अहो' करेपर्यंत तो म्हणाला, "सायेब, काळजी नगं. फोम मारतो. समदं पॅक!" डबा हलवला, फुस्स केलं आणि निघाला. जाताना म्हणाला, "उद्या येऊन कापतो, तवा राहिलेलं पाचशे द्या." रात्री मी कुतूहलाने त्या फोमला बोट लावलं. दोन दिवस मंचरच्या शाखेत नोटा मोजताना एकही नोट माझं बोट सोडायला तयार नव्हती.

तो 'उद्या' चार महिने आला नाही.

आता, फोमवर माझा राग नाही. ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1937 साली पॉलियुरेथेन शोधलं, त्याच कुळातला हा फेस. ओल पिऊन फुगतो आणि घट्ट होतो. पाऊण लिटरच्या डब्यातून तीसेक लिटर निघतो म्हणतात. म्हणून फट अर्धीच भरायची, बाकीची तो स्वतः भरतो. पण फोम मारणं म्हणजे काम झालं असं नव्हे. दुसऱ्या दिवशी, आतपर्यंत सुकल्यावर, तो भिंतीच्या अर्धा इंच आत कापायचा आणि वर गिलावा करायचा. उघडा ठेवला तर उन्हाने तपकिरी पडून त्याचा भुगा होतो. उंदराला तर तो फराळासारखा वाटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोम फट बुजवतो, गळती नाही. गळती तो फक्त झाकतो.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर फोम म्हणजे सस्पेन्स खातं. दिवसअखेर हिशेब जुळला नाही की फरक तात्पुरता तिथे टाकायचा. यात गैर काही नाही. गैर आहे ते टाकून विसरण्यात. एका कारकुनाने असे सत्तेचाळीस रुपये टाकले आणि विसरला. तपासनीस आले तेव्हा त्या सत्तेचाळीस रुपयांच्या मागे एक अख्खी चुकलेली नोंद निघाली. तो कारकून कोण, हे विचारू नका. त्याने वर जबाब लिहून दिला आहे, पुन्हा इथे कशाला?

चार महिन्यांनी आईच्या पलंगामागची भिंत ओली झाली. पलीकडे न्हाणीघर. आई रात्रभर खोकायची आणि आम्ही तिला काढे पाजत होतो. शेवटी मी पाव कापायची दातेरी सुरी घेतली आणि ते गळू कापलं. आत पाइपाचा जोड थेंब थेंब ठिबकत होता. ज्या दिवशी बसवला, त्या दिवसापासून. उघडा असता तर पहिल्याच दिवशी दिसला असता.

आणि हे कुठे घडावं? तर जुन्नरात! लेण्याद्रीला गणपतीच्या सातव्या लेण्यात जाऊन बघा. एवढा मोठा मंडप, मध्ये खांब नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या मंडळींनी दुसरं काय केलं? जादाचं तेवढं कापून काढलं! त्यांनी 'उद्या येतो' म्हटलं असतं, तर गणपती आजही डोंगराबाहेर उभा असता. आमची भिंत बांधणाऱ्या गवंड्यांनी चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं होतं, असं आजोबा सांगत. हिरडा आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. तिथली माणसं आजही तो गोळा करतात. त्या गवंड्यांकडे डब्यातला फेस नव्हता, म्हणून भोक मोजूनच पाडावं लागे. आपल्याला पुढे बुजवायची सोय झाली, तशी आधी मोजायची सवय गेली.

दोष एकट्या प्लंबरचा नाही. फुगलेलं दिसलं की 'काम भक्कम झालं' म्हणून मान डोलावणारे आपणच. आपण म्हणजे, मीच.

जोड दुसऱ्याकडून बदलून घेतला, भोक चुन्याने बुजवलं, आईचा खोकला ओसरला. त्यानंतर आठ दिवसांनी आमचे प्लंबरराव उगवले. कापायला नव्हे, पाचशे घ्यायला. मी शंभर हातावर ठेवले.

"सायेब, चारशे कमी हायेत!"

"जादा फुगलेलं कापलंय," मी म्हणालो.