कृतज्ञता मोजता मोजता मिंधेपण मोजलं जातंय का?

मैत्रिणींनो, कृतज्ञता मोजता येते का, असं कुणी विचारलं तर आपण हसू. मनातली भावना, तिला कसलं माप? पण गेली वीसेक वर्षं मानसशास्त्रात ती मोजली जाते आहे, आणि बहुतेक वेळा कॉलेजातल्या मुलामुलींवरच. कारण साधं आहे. संशोधक विद्यापीठात असतात आणि विद्यार्थी त्यांच्या हाताशी असतात.

२००२ साली अमेरिकेत मॅक्‌कलो, एमन्स आणि त्सांग या तिघांनी सहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आयुष्यात आभार मानावेत असं पुष्कळ आहे का, ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी केली तर ती लांबलचक होईल का, अशा अर्थाची ही विधानं. प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत ते १ ते ७ या आकड्यांत सांगायचं. कमीत कमी बेरीज ६, जास्तीत जास्त ४२. पुढच्या वर्षी एमन्स आणि मॅक्‌कलो यांनी काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला लावल्या, तर काहींना कटकटी लिहायला सांगितल्या. कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून ‘कृतज्ञता म्हणजे मानसिक आरोग्य’ हे समीकरण जगभर फिरतं आहे. मी ज्या कॉलेजांत मुलींच्या गटचर्चा घेते, तिथेही आता ‘ग्रॅटिट्यूड डायरी’ हा शब्द नवा राहिलेला नाही.

माझा आक्षेप कृतज्ञतेला नाही. एका समाजात बनवलेला गज दुसऱ्या समाजावर ठेवून ‘तुमची मुलं किती कृतज्ञ’ हे ठरवण्याला आहे. आणि त्याहून मोठा आक्षेप आहे तो या गजाला बाई-पुरुषांतला फरक दिसत नाही, याला.

आधी भाषेचं बघू. ‘ग्रेटफुल’ या शब्दाचं मराठी काय करायचं? कृतज्ञ म्हणायचं, ऋणी म्हणायचं, की उपकृत? हे तीन शब्द आपल्या कानाला एक वाटत नाहीत. आपल्याकडे उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, आईवडिलांचे पांग फेडायचे असतात. आणि हे सगळं न जमलेल्या माणसाला आपण मिंधा म्हणतो. उलट जवळच्या माणसाला ‘थँक्यू’ म्हटलं तर तो विचारतो, ‘मला परकं समजतेस का?’ म्हणजे जिथे नातं घट्ट तिथे आभाराचा शब्द नाही, आणि जिथे शब्द आहे तिथे परतफेडीचा हिशेबही आहे. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८५ साली दक्षिण भारतातल्या कृतज्ञतेवर लिहिताना हेच दाखवलं होतं. तिथे तोंडी आभारापेक्षा परतफेडीच्या वागण्याला अर्थ असतो.

हे फक्त आपलंच नाही. जपानी माणूस माफी मागताना जो ‘सुमिमासेन’ म्हणतो, तोच आभार मानतानाही म्हणतो, कारण आपल्यामुळे दुसऱ्याला तसदी पडली ही जाणीव त्यात आहे. २०१८ साली आठ भाषांमधली रोजची बोलणी तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणी आपलं काम करून दिलं तर माणसं तोंडाने आभार मानतात ते सरासरी वीसात एखाद्या वेळी. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे त्यातल्या त्यात जास्त मानतात. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेत तर आभाराला नेहमीचा शब्दच नाही. मग ती माणसं कृतघ्न म्हणायची का? तिथे एकमेकांना मदत करणं हे गृहीतच धरलेलं असतं.

विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांतूनही हेच दिसतं. तैवानमधल्या विद्यार्थ्यांवर ही सहा विधानांची प्रश्नावली २००९ साली तपासली तेव्हा सहावं विधान बसेना. पाचच ठेवावी लागली. जपान आणि थायलंडमधल्या विद्यार्थ्यांवर २००५ साली झालेल्या अभ्यासात आनंदाबरोबर ऋणाची जाणीवही विचारात घ्यावी लागली. २०१३ साली अमेरिका आणि दक्षिण कोरियातल्या विद्यार्थ्यांची तुलना झाली. कृतज्ञतेची पत्रं लिहिण्याचा कोरियन मुलांना अमेरिकन मुलांइतका फायदा झाला नाही. कृतज्ञता आणि अपराधीपणा जिथे शेजारी शेजारी राहतात, तिथे असं होणारच.

आता आपल्या मुलींकडे येऊ. कॉलेजातल्या मुलींना मी विचारते, ‘तुम्हाला कुणाबद्दल कृतज्ञ वाटतं?’ उत्तरं फार पटापट येतात. ‘वडिलांनी शिकू दिलं.’ ‘भाऊ स्टँडपर्यंत सोडायला येतो.’ ‘सासरच्यांनी लग्नानंतरही परीक्षेला बसू दिलं.’ या ‘दिलं’ शब्दाकडे नीट बघा. मुलगा असं म्हणत नाही. वडिलांनी त्याला शिकवलं, हे त्याला घराच्या भिंतींइतकं साहजिक वाटतं. मुलीला मात्र आपलं शिक्षण ही कुणीतरी दिलेली सवलत वाटते, आणि सवलत कधीही काढून घेता येते. म्हणून तिची यादी लांब होते. प्रश्नावलीत तिला भरघोस गुण मिळतील आणि निष्कर्ष निघेल की या संस्कृतीतल्या मुली अधिक कृतज्ञ, म्हणजे अधिक समाधानी. तिची भीती मात्र त्या ४२ गुणांत कुठेच दिसणार नाही.

या कृतज्ञतेची किंमतही वसूल होते. तीही बहुतेक वेळा कॉलेज संपल्यावर. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली तो देशभर लागू झाला, आणि मुलगी वडिलांच्या मृत्यूच्या आधारावर नव्हे तर जन्मानेच हक्कदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला येणाऱ्या बहिणींची रांग काही संपत नाही. विचारलं तर सांगतात, ‘शिकवलं, लग्न लावून दिलं, अजून काय मागायचं? माहेर तुटायला नको.’ मुलीच्या मनात पंधरा-वीस वर्षं जपलेली कृतज्ञता इथे जमिनीच्या रूपाने वळती करून घेतली जाते.

सरकारी योजनांचंही तसंच. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगली गोष्ट झाली. पण ही माफी जनतेच्या पैशातून आली आहे. तिच्याबद्दल कुणापुढे हात जोडायची गरज नाही. शिष्यवृत्ती उशिरा आली तर ‘मिळतेय हेच खूप’ म्हणून गप्प बसणारी मुलगी कृतज्ञतेच्या मापात वरचढ ठरेल, आणि समाजकल्याण कार्यालयात जाऊन जाब विचारणारी खाली राहील. आपल्याला कोणती मुलगी घडवायची आहे?

काही मैत्रिणी म्हणतील, कृतज्ञ असणं वाईट का? मुळीच नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी अंगावर शेणमाती झेलली. त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते तेव्हा आपली मान खाली जात नाही, उलट ताठ होते. पुढच्या मुलीसाठी काही करावंसं वाटतं. उपकारकर्त्यासमोर गप्प बसवते ती एक, आणि पुढे चालायला बळ देते ती दुसरी. एकीला मी मिंधेपण म्हणते, दुसरीला कृतज्ञता. सहा विधानांची बेरीज या दोघींना एकच आकडा देते, ही माझी तक्रार आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या गटांकडे किंवा कॉलेजांत कुणी असं सर्वेक्षण घेऊन आलं तर हाकलून देऊ नका, पण तीन गोष्टी मागा. एक, प्रश्नावली नुसती भाषांतरित न करता आधी मुलींशी बोलून त्यांच्याच शब्दांत घडवा. दोन, ‘कृतज्ञ वाटतं का’ याच्या शेजारी ‘नाही म्हटलं तर काय होईल’ हाही प्रश्न ठेवा. तीन, मुलगे आणि मुली, वसतिगृहातल्या आणि घरून येणाऱ्या, फी भरणाऱ्या आणि सवलतीवर शिकणाऱ्या यांचे आकडे वेगवेगळे मांडा.

आणि समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. मारहाणीची, छेडछाडीची, शिक्षण तोडल्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलीच्या हातात कृतज्ञतेची डायरी देऊ नका. तिला आधी तक्रार लिहू द्या. आभाराच्या पानांची सवय तिला लहानपणापासून आहे. हक्काचं पान मात्र तिने अजून एकदाही लिहिलेलं नसतं.