किरणोपचारातील रुग्णेचा विषाद आणि आपले कर्तव्य

स्तनाच्या कर्करोगाची रुग्णा आपल्याकडे येते ती बहुधा शस्त्रकर्म अथवा केमोथेरपी झाल्यावर, किरणोपचाराच्या काळात. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा व्याधी नव्याने झाला. तेव्हा अशी रुग्णा आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात येणार, हे गृहीत धरले पाहिजे. त्या काळात वैद्याने तिला नेमके काय द्यावे, याविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

किरण घेताना दुखत नाही, म्हणून हा उपचार सोपा, असा घरच्यांचा समज असतो. पूर्वी पाच आठवड्यांत २५ मात्रा देत. आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत १५ देतात. परंतु रोज वस्त्र उतरवून, व्रण उघडा ठेवून, हात डोक्यावर घेऊन त्या खोलीत एकटीने निश्चल पडावे लागते. तंत्रज्ञ बाहेरून पाहत असतो. आत सोबतीला कोणी नसते. पुढे त्वचा लाल होते, काळवंडते, थकवा येतो. गावाहून आलेली रुग्णा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहते व मुलाबाळांची काळजी दुरून वाहते. घरी असलेलीचे दुःख निराळे. ‘अंगात किरणे राहतात’ या समजापायी ती नातवंडाला जवळ घेत नाही. वस्तुतः बाहेरून दिलेल्या किरणोपचारानंतर शरीरात किरणोत्सार उरत नाही. एवढी एक गोष्ट वैद्याने घरच्यांदेखत सांगितली, तरी तिच्या मनावरचा मोठा भार उतरतो.

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय ही चिकित्सा सांगितली आणि रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले. हे आपण परीक्षेसाठी पाठ केले. व्यवहारात मात्र रुग्णा बोलू लागताच आपला हात औषधपत्राकडे जातो. त्याहून खेदाची गोष्ट ही की, ‘किरणांनी शरीर जळते, ते सोडा’ असे सांगणारे आपल्यातही आहेत. अशा बोलण्याने भय दुणावते आणि चालू उपचारात खंड पडण्याचा धोका असतो. याला सत्त्वावजय म्हणता येणार नाही.

काही वैद्यबंधू विचारतील, पित्तप्रकोपाची लक्षणे स्पष्ट दिसत असता शीतोपचार का करू नयेत? आमचे म्हणणे इतकेच की, त्या त्वचेवर लेप, तैल वा घृत आणि पोटात काढा वा भस्म, काहीही किरणोपचारतज्ज्ञांस कळविल्यावाचून देऊ नये. दोन वैद्यकांत ओढाताण झाली की तिची झळ रुग्णेलाच बसते.

मग करावे काय? प्रत्येक भेटीत तिला एकटीला दहा मिनिटे बोलू द्यावे. मनाचा त्रास शून्य ते दहा यांत किती, हे विचारावे. चार वा अधिक सांगितल्यास अधिक चौकशी करावी. निद्रानाश, अन्नद्वेष, जगण्याची अनिच्छा दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही शासकीय दूरध्वनिसेवा (१४४१६) तिला सांगून ठेवावी. शेवटची मात्रा झाली की घरचे निश्चिंत होतात. तिचे मात्र रोजचे रुग्णालय सुटते आणि व्याधी उलटण्याची भीती डोके वर काढते. म्हणून त्यानंतरच्या महिन्यांतही तिला आवर्जून बोलवावे.

संघटनेच्या शिबिरांत पंचकर्मावर व्याख्याने होतात, ती व्हावीतच. त्यांच्या जोडीला एक सत्र किरणोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांचे ठेवावे, अशी आमची कार्यकारिणीस आग्रहाची विनंती आहे. सत्त्वावजयाचा वारसा आपला आहे; तो रुग्णेच्या उपयोगी पडावा, इतकीच अपेक्षा.