एकेचाळिसावा दिवस

आमच्या ख्रिस्ती समाजात मांस सोडण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. मात्र ती चाळीस दिवसांपुरती. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात कोणी मटणाला शिवला नाही, तर घरच्या म्हाताऱ्या त्याचे कौतुक करतात आणि शेजारपाजारच्या पोरांना त्याचा दाखला देतात. तोच मनुष्य एकेचाळिसाव्या दिवशीही 'नको' म्हणाला, की त्याच तोंडांचा सूर पालटतो. शनिवारपर्यंत जे पुण्य होते ते रविवारी पाखंड कसे झाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वी उपवासकाळात सोडलेले मांस ईस्टरला पुन्हा धरावे, असे मला वाटले नाही. बायकोलाही वाटले नाही. त्यात साक्षात्कार वगैरे काही नव्हता. जीव घेतल्यावाचून पोट भरते, हे तेवढ्या दिवसांत ध्यानात आले, इतकेच. यंदा ईस्टरची मिस्सा आटोपल्यावर म्हातारी आई आणि दोन्ही मुले यांना घेऊन आम्ही आजऱ्याहून निघालो. आधी रामतीर्थावर बसलो, मग आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत गेलो आणि दिवेलागणीला घरी परतलो. डब्यात घनसाळचा भात, ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी होती. या निरुपद्रवी सहलीवरून आमच्या नात्यागोत्यात जो गहजब झाला, त्याचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की, एवढ्या मोठ्या सणाला घराला कुलूप लावून हिंडायला जाणे हा अधर्म. आक्षेप घेणारांनी लूकचे शुभवर्तमान काढून पाहावे. पहिल्या ईस्टरला कोणीही घरी जेवणावळी मांडून बसले नव्हते. बायका पहाटेच कबरेकडे चालत गेल्या. त्याच दिवशी दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊसच्या वाटेला लागले. म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरांची पायपीट. पुनरुत्थित प्रभू त्यांना वाटेवरच भेटला, आणि भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखले. इटलीत ईस्टरनंतरच्या सोमवारी लोक शिदोरी घेऊन रानात जातात. पोपांच्या अगदी दाराशी हे चालते. मग आमच्या रामतीर्थानेच काय घोडे मारले आहे?

शिवाय घरी राहून होते काय? पुरुष ओसरीवर गप्पा मारतात आणि बायका पहाटेपासून चुलीपाशी राबतात. सणाचा कर नेहमी चुलीपाशीच वसूल होतो. यंदा माझी आई ईस्टरच्या दुपारी नदीत पाय सोडून दोन तास बसली. तिच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात असा ईस्टर यापूर्वी आला नव्हता. हा अधर्म असेल, तर तो वरचेवर घडो.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. ईस्टर हा आनंदाचा दिवस, त्या दिवशी उपवास वर्ज्य. मान्य! पण उपवास केला कोणी? भात मी दोनदा मागून घेतला. मांसावाचून जेवण म्हणजे उपास, ही समजूत जिभेची आहे, धर्माची नव्हे. प्रभूने त्या रात्री भाजलेला मासा खाल्ला, असेही मला ऐकवण्यात आले. खरे आहे. आपण भूत नव्हे, जिवंत आहोत, हे घाबरलेल्या शिष्यांना पटावे म्हणून समोर होते ते त्याने खाल्ले. तेवढ्यावरून स्वयंपाकाची आज्ञा काढणारा कोळशाची शेगडीही धर्मात घालील. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत आजारी माणसांखेरीज इतरांना चतुष्पादांचे मांस वर्ज्य केले आहे. ईस्टरपुरती सवलत त्यात नाही. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण मांसाहार घेतला नाही. आयुष्यभर त्या शाकाहारी राहिल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल त्यांनी मराठीत आणले. त्यांची श्रद्धा मोजायला आमच्यापैकी कोणाकडे माप आहे, त्याने पुढे यावे.

तिसरा आक्षेप कुजबुजीचा; म्हणून तोच अधिक विषारी. 'हे आता बामण झाले,' असे आमच्याविषयी म्हटले जाते. बोलणारांना ठाऊक नसेल, पण ही भाषा जुनी आहे आणि आमच्याच पूर्वजांच्या पाठीवर ती उमटलेली आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने बाटलेल्या लोकांना अळणी भात शिजवण्याचीही बंदी केली, कारण तशी रीत हिंदूंची! चुलीवरच्या भांड्यात डोकावून धर्म तपासण्याची ही विद्या. तिला भिऊन माझे पूर्वज घाट चढून या मुलखात आले, असे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आज त्यांच्याच वंशजांनी एकमेकांच्या डब्यांत डोकावावे, याला काय म्हणावे?

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. माझे काही शेजारी या बातमीने भलतेच संतुष्ट झाले. 'आता तुम्ही आमच्यातले झालात,' म्हणून एकाने पाठ थोपटली. ही थाप मला त्या कुजबुजीपेक्षा अधिक लागली. म्हणजे काल मी कोणाचा होतो? मटण खाणारा माझा भाऊ आज कोणाचा आहे? भाजी खाणारा वरचा आणि मांस खाणारा खालचा, ही उतरंड या देशात कोणी रचली आणि तिच्या तळाशी कोणाला बसवले, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. त्या बंदीच्या समर्थनार्थ माझे ताट साक्षीला बोलावू नये. मी सोडले ते माझ्या मनाने. दुसऱ्याच्या हातून हिसकावून घेणे याला त्याग म्हणत नाहीत.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हा तंटा केव्हाच मिटवला आहे: सर्व काही खाणाराने भाजी खाणाराला तुच्छ लेखू नये आणि भाजी खाणाराने इतरांचा न्याय करू नये. या न्यायाची दोन्ही टोके मला मान्य आहेत. भावाच्या घरी सोरपोतेल शिजते, तेव्हा मी त्याच्या पंगतीला बसतो आणि डाळभात जेवतो. कोणाच्या पानात काय वाढले आहे, हे पाहण्याचा अधिकार वाढणाराला आहे, आणि तोही आणखी काही हवे का, हे विचारण्यापुरताच. एकेचाळिसाव्या दिवशी काय खायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. शेजारी पान मांडायला मात्र कोणी कोणाला नाही म्हणू नये.