बाधणार तर नाही ना?

मृगाच्या सरी आल्या की गडचिरोलीतल्या भामरागडच्या रानात धानाच्या पेरणीची लगबग सुरू होते, आश्रमशाळांची कुलपे निघतात आणि त्याच ओल्या पावलांनी हिवतापाचाही हंगाम दारात येतो. जून हा सरकारी पंचांगातला हिवताप प्रतिरोध महिना. फवारणी, मच्छरदाण्या, रक्तपट्ट्या यांच्या हिशेबात आपण तो दरवर्षी पार पाडतो. पण तापाने फणफणलेले पोर मांडीवर घेऊन बसलेली आई हातावर पडलेल्या गोळ्यांकडे पाहत जे विचारते, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही: लेकराला हे बाधणार तर नाही ना?

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकायची आपली खोड जुनी आहे. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे दवाखाना मांडून बसले, तेव्हा इथला माडिया आदिवासी माणूस सुरुवातीला त्या वाटेला फिरकत नव्हता. परक्याच्या हातचे औषध पोटच्या पोराला द्यायचे, तर आधी तो हात पारखून घ्यायला नको? बरी होऊन पाड्यावर परतलेली माणसे दिसू लागली, तसा दवाखाना भरू लागला.

आणि भीती निराधार तरी कुठे आहे? प्रायमाक्विनचेच घ्या. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात, म्हणून ही गोळी चौदा दिवस घ्यावी लागते. पण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य जन्मतःच कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात; लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. ही उणीव मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत आढळते. वर्षाच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला ही गोळी देऊ नये, आणि लघवी गडद झाली किंवा ओठ निळसर दिसले तर ती तिथेच थांबवावी, असे सरकारी सूचनाच सांगतात. आईची शंका आणि शास्त्राची सूचना इथे एकच बोलतात, फक्त एकीला आपण मान देतो.

2025 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली मुले खोकल्याच्या विषारी औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या इस्पितळांत आणले होते. डायएथिलीन ग्लायकॉल हे विष त्या बाटलीत शिरले, त्यात आयांचा कसला दोष? त्यांनी तर विश्वास ठेवला होता.

न बोललेली भीती मात्र घात करते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर खेळू लागते, मळमळ नको म्हणून उरलेल्या गोळ्या तशाच राहतात, आणि काही आठवड्यांनी तोच ताप परत येतो. अशा घरावर बेफिकिरीचा शिक्का मारण्याआधी त्यांना कोणी काही समजावून सांगितले होते का, हे आपण विचारावे.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट अडते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून वाट अडण्याआधीच, या जूनमध्ये गोळ्या वाटणाऱ्या प्रत्येकाने घटकाभर उंबऱ्यावर टेकावे. गोळीने काय होऊ शकते, काय दिसले की ती थांबवायची आणि पूर असताना कुणाला गाठायचे, एवढे त्या आईला तिच्या माडिया भाषेत सांगावे, आणि मगच पुढच्या घरी जावे.