भांडवलाची पेरणी : चीनची आणि आपली

एखादा देश आज किती उपभोगतो यापेक्षा उद्यासाठी किती पेरून ठेवतो, यावर त्याची पुढील काही दशकांची वाटचाल ठरते. रस्ते, वीजकेंद्रे, कारखाने, यंत्रसामग्री आणि घरे यांवरील या खर्चाला अर्थशास्त्रात स्थिर भांडवलनिर्मिती म्हणतात. भारत आणि चीन यांच्यातील दरीचे मूळ बऱ्याच अंशी या पेरणीत सापडते. १९९० साली डॉलरमध्ये मोजलेले भारताचे दरडोई उत्पन्न चीनपेक्षा किंचित अधिक होते. २०२३ मध्ये चीनचे दरडोई उत्पन्न भारताच्या सुमारे पाचपट झाले होते.

१९८० च्या सुमारास भारतात सकल देशांतर्गत उत्पादनाचा साधारण पाचवा हिस्सा स्थिर भांडवलात जात असे. चीनमध्ये हे प्रमाण तेव्हाही अधिक, म्हणजे पाव हिश्शाच्या वर होते. पुढे ही तफावत रुंदावत गेली. सरकारी बँकांमधील स्वस्त ठेवी आणि जमिनीचे हक्क विकून स्थानिक सरकारांना मिळणारा पैसा, या दोन स्रोतांवर चीनने पायाभूत सुविधांचा डोंगर उभा केला. २००८ च्या जागतिक अरिष्टानंतर तेथील सरकारने चार लाख कोटी युआनची योजना आखली आणि गुंतवणुकीचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात पोहोचले. १,३०० किलोमीटरहून लांब असा बीजिंग-शांघाय वेगवान रेल्वेमार्ग २००८ मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये पूर्ण झाला. याउलट २०१७ मध्ये कोनशिला बसलेल्या ५०८ किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद मार्गाचे काम महाराष्ट्रातील भूसंपादनातच दीर्घकाळ अडकले होते.

अर्थात आपणही स्वस्थ बसलो नव्हतो. २००३ नंतरच्या तेजीत भारतातील गुंतवणुकीचे प्रमाण ३३ टक्क्यांच्या पुढे गेले. मात्र ही तेजी मुख्यतः खासगी उद्योगांची आणि बँकांच्या कर्जांवर उभी होती. जमीन, कोळसा आणि परवाने यांत प्रकल्प अडकले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०० हून अधिक कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. मार्च २०१८ पर्यंत बँकांची थकीत कर्जे ११ टक्क्यांवर गेली. कर्जबाजारी उद्योग आणि जखमी बँका यांनी मिळून जवळजवळ एक दशक खाल्ले.

म्हणून चीनचीच वाट धरावी काय? तसे मुळीच नाही. ४० टक्क्यांहून अधिक गुंतवणूक करून चीनला एकेकाळी दहा टक्के वाढ मिळत असे. आता जवळपास तेवढ्याच गुंतवणुकीत पाच टक्के मिळते. म्हणजे वाढीचा प्रत्येक टक्का दुप्पट महाग झाला आहे. रिकाम्या सदनिका, स्थानिक सरकारांची कर्जे आणि एव्हरग्रांदने २०२१ मध्ये थकवलेली देणी ही त्या अतिरेकाची फळे होत. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे तेथील स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक दरवर्षी सुमारे दहा टक्क्यांनी घटली. सामान्य चिनी कुटुंबाचा उपभोग मात्र उत्पादनाच्या ४० टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही.

भारताची व्याधी वेगळी आहे. येथे कमी भांडवलातून तुलनेने बरी वाढ मिळते, पण भांडवलच अपुरे पडते. केंद्राने आपला भांडवली खर्च २०१९-२० मधील सुमारे ३.३६ लाख कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये दहा लाख कोटींच्या वर नेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी करही घटवला. बँका सावरल्या, कंपन्यांची कर्जे हलकी झाली. तरी खासगी उद्योजकांचा हात अपेक्षेइतका सैल झाला नाही. कारण उघड आहे. करसवलत मिळाली म्हणून कोणी कारखाना काढत नाही. माल खपेल असा भरवसा असेल तर काढतो. तो भरवसा सामान्यांच्या रोजगारातून आणि मजुरीतून येतो, आणि रोजगार पुन्हा नव्या कारखान्यांतून.

हे चक्र केवळ सरकारी रस्त्यांनी फिरणार नाही. जमिनीचे व्यवहार सुकर होणे, करारांचे तंटे लवकर मिटणे आणि धोरणे वारंवार न बदलणे, हे त्यासाठी अधिक निकडीचे आहे. चीनने अंथरूण न पाहता पाय पसरले. आपल्याला आधी अंथरूणच वाढवायचे आहे, आणि कामाच्या शोधात दरवर्षी बाहेर पडणारी तरुण पिढी त्यासाठी फार काळ थांबणार नाही.