जिगर परके कसे?

वैद्यकीय मराठी शुद्ध करायला निघालेल्या मंडळींचा निवाडा ठरलेला असतो: 'यकृत' आपले, 'जिगर' परके आणि 'काळीज' गावंढळ. हा निवाडा त्यांच्याच कसोटीवर टिकत नाही.

'यकृत' अथर्ववेदात आहे, हे खरे. पण फारसी 'जिगर' त्याच घराण्यातला शब्द आहे. ग्रीक 'हेपार' आणि लॅटिन 'येकुर' हेही त्याच गोतातले. म्हणजे 'हिपॅटायटिस' म्हणणारा डॉक्टर नकळत यकृताच्या भावकीतच बोलत असतो. मग एकट्या जिगरलाच घराबाहेर का काढायचे?

आता 'काळीज'. अमरकोशात यकृताला 'कालखंड', म्हणजे काळा तुकडा, असा पर्याय आहे. 'काळीज' आणि हिंदी 'कलेजा' हे दोन्ही शब्दही मुळात यकृताचेच. झाशीतल्या मराठी माणसाला हे कळायला कोश उघडावा लागत नाही. घरात काळीज, दाराबाहेर कलेजा, खाटकाकडे कलेजी, तपासणीच्या कागदावर लिव्हर. यांत जुना अर्थ नेमका सांभाळला तो खाटकाने! आपण मात्र 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो. ठोका हृदयाचा, नाव यकृताचे.

खरा प्रश्न इथे आहे आणि शुद्धीवाले त्याला हात लावत नाहीत. एखादी आजी "काळजात कळ येते" म्हणाली, तर डॉक्टरने काय समजावे? तिला हृदय म्हणायचे असते. पण हृदयविकाराची वेदना कधी पोटाच्या वरच्या भागातही जाणवते, म्हणून शब्दावर विसंबून चालत नाही. "आजी, बोट ठेवून दाखवा," एवढे विचारणाऱ्याला तिचा शब्द आधी समजलेला असावा लागतो. तिला 'यकृत' पाठ करायला लावून हे साधणार नाही.

झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला राणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे. तिथे आणि मराठी मुलखातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनेच्या पहिल्याच वर्षी या अवयवाची सगळी नावे शिकवावीत: यकृत, जिगर, कलेजा, लिव्हर. आणि 'काळीज' शिकवताना त्याचा सरकलेला अर्थही सांगावा. पाठ्यपुस्तकात खुशाल 'यकृत' छापा. पण रुग्णाच्या तोंडचा शब्द अशुद्ध ठरवण्याचा अधिकार कोणत्याही परिभाषा-समितीला नाही. शब्दाचे कुळ विचारून निदान होत नसते.