ताम्रपट आणि यंत्रचित्र

अचलपूरजवळच्या चम्मक या गावी वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातील या राजाने चर्मांक नावाचे गाव एक सहस्र ब्राह्मणांस दान दिले, त्याची ती नोंद होय. तांब्याचे पत्रे एका कडीत ओवलेले आणि कडीला राजमुद्रा. मुद्रा अभंग असेपर्यंत मधला पत्रा कोणास बदलता येऊ नये, अशी ही योजना.

याच जातीची एक नोंदवही आज संगणकांच्या जगात निर्माण झाली आहे. तिला ब्लॉकचेन म्हणतात. तिच्यातील नोंदींचा प्रत्येक गठ्ठा मागील गठ्ठ्याशी गणिती खुणेने जखडलेला असतो, आणि वहीच्या प्रती जगभरच्या असंख्य संगणकांवर असतात. एका प्रतीत खाडाखोड केली, तर ती इतर प्रतींशी जुळत नाही व तत्काळ उघडकीस येते. या वहीत चित्रांची मालकीही नोंदली जाते. मारिओ क्लिंगमन या जर्मन कलावंताने योजलेले 'बॉटो' हे यंत्र २०२१ पासून स्वतःच चित्रे रचू लागले. सभासदांच्या मतांनी निवडलेले चित्र ब्लॉकचेनवर नोंदून लिलावात विकले जाते, आणि त्या मतांवरून यंत्राच्या पुढील चित्रांना वळण मिळते.

नोंद पक्की आणि किंमत मोठी, मग चित्रकाराची गरज काय, असा प्रश्न कित्येक जण विचारतात. किंमत मोठी, हे खरे. न्यूयॉर्क येथील क्रिस्टीजच्या लिलावात २०१८ साली यंत्राकडून रचलेले एक व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरांस विकले गेले. तथापि वस्तू कोणाची, एवढेच नोंदवही सांगते. ती कशी आहे, हे सांगणे तिचे काम नव्हे. सातबाऱ्यावर नाव चढल्याने खडकाळ रान सुपीक होत नाही. चित्र मुळात कोणाचे, याचीही ही वही शहानिशा करीत नाही. चोरलेले चित्रही तिच्यात तितक्याच पक्केपणाने नोंदले जाते.

शिवाय यंत्रास स्वयंभू म्हणणेही यथार्थ नाही. अशा यंत्रांची दृष्टी माणसांनी काढलेल्या अगणित चित्रांवर घडलेली असते. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची संमती कोणी विचारलेली नाही, आणि लिलावाच्या नोंदीत त्यांची नावेही नसतात. ज्यांच्या श्रमावर ही संपत्ती उभी राहिली, तेच तिच्या वहीतून वगळले जावेत, हा न्याय नव्हे.

याबाबतीत चम्मकचा ताम्रपट आजही मार्गदर्शक ठरावा. गाव कोणाचे, एवढे सांगून तो थांबत नाही. दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, इतर गावांस उपद्रव देऊ नये. हे पाळले तरच दान टिकेल, अशी अट त्याच पत्र्यांवर कोरलेली आहे. हक्काच्या शेजारी कर्तव्य लिहिण्याची ही रीत नव्या नोंदवहीनेही स्वीकारावी. यंत्र कोणाच्या चित्रांवरून शिकले, त्यांची संमती होती काय, आणि यंत्राच्या कृतीबद्दल उत्तर देणारा माणूस कोण, हे प्रत्येक चित्राबरोबर नोंदले जावे. नोंद टिकाऊ असणे पुरेसे नाही. तिच्यामागे वचन पाळणारा माणूस उभा असला पाहिजे.